चला, कोल्हापूरचा खाऊ लिहू या!

मुलांनो, कोल्हापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, तालमीतले पैलवान आणि तांबडा रस्सा, बरोबर? ते सगळं आहेच. पण आज मी तुम्हाला देवळात किंवा तळ्याकाठी नेणार नाही. आज आपण कोल्हापुरात खायला जाणार आहोत आणि खाल्लेलं लिहायला शिकणार आहोत. सोबत एक वही, एक पेन्सिल आणि रिकामं पोट घ्या. पेन्सिलच घ्या बरं का! रश्श्याचा थेंब पडला की पेनची शाई पसरते, हा माझा स्वानुभव आहे.

पहाटे पोहोचलात तर आधी गंगावेशीत या. इथं दूध कट्टा भरतो. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि गिऱ्हाईक पुढं आलं की समोर धार काढून देतात. तालमीत मेहनत करून आलेली पोरं इथं दूध प्यायची, तेव्हापासूनची ही रीत. (डॉक्टर दूध तापवूनच प्या म्हणतात, आणि शाळेतली बाई म्हणून मीही तेच सांगणार. आपण इथं ऐकायला आलोय.) हो, ऐकायला! डोळे मिटा. भांडं रिकामं असतं तेव्हा पहिली धार 'टण् टण्' वाजते. दूध साठू लागलं की आवाज जाड होतो, 'चुर्र चुर्र'. आणि फेस वर आला की आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं लिहिलं होतं, 'भांडं भरलेलं मला दिसायच्या आधी ऐकू आलं.'

मला हे वाक्य फार आवडलं. दूध गोड होतं की ताजं होतं हे त्यानं कुठंच म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ते कळतं.

आमच्या वर्गात चार शब्दांना बंदी आहे. झणझणीत, चविष्ट, लज्जतदार आणि 'तोंडाला पाणी सुटलं'. (शेवटचे तीन शब्द झाले, मला मोजता येतं!) ही बंदी का, ते सांगते. तुम्ही लिहिलंत, 'मिसळ फार चविष्ट होती.' चंद्रपूरच्या एखाद्या मुलीनं कोल्हापूरची मिसळ कधीच खाल्लेली नाही. तिला यातून काय कळलं? एवढंच, की ती तुम्हाला आवडली. मिसळ कशी होती ते राहूनच गेलं. श्रीखंडालाही तुम्ही चविष्टच म्हणता ना?

तर आता मिसळ खाऊ या. दुकान कुठलं ते मी सांगणार नाही, नाहीतर घरोघरी भांडणं लागतील. आमच्याकडं प्रत्येक पेठेची मिसळ एक नंबर असते! थाळी पुढं आली की लगेच तुटून पडू नका. आधी बघा. खाली मोड आलेली मटकी, तिच्यावर फरसाण-शेव, वर कांदा-कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. आणि वेगळ्या वाटीत कट. सोबत पावाऐवजी बऱ्याच ठिकाणी ब्रेडच्या स्लाइस मिळतात, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नवल वाटतं. आता कटाकडं नीट बघा. लाल रंग वरच्या तेलात आहे, खालचं पाणी तपकिरी आहे. असं का? मिरचीतला लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. तेल हलकं म्हणून ते वर तरंगतं आणि सगळा रंग घेऊन येतं. म्हणून मिरचीनं लाल केलेला रस्सा दिसतो तेवढा तिखट असेलच असं नाही. काही मिरच्यांत रंग जास्त आणि तिखटपणा कमी असतो, ब्याडगी मिरची तशी. लवंगी मिरचीचं उलट, दिसायला एवढीशी आणि जीभ भाजणारी.

हे लक्षात आलं की 'झणझणीत' हा शब्द किती आळशी आहे ते कळतं. साऱ्या महाराष्ट्रातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर 'कोल्हापुरी' म्हणजे भडक लाल आणि तिखटजाळ असंच ठरून गेलंय. आणि आमच्या घरी मटणाच्या दिवशी पहिल्यांदा वाटीत काय येतं? अळणी! म्हणजे मटण शिजवलेलं नुसतं पाणी, तिखट नाही, मसाला नाही. लहान पोरांना आणि आजाऱ्यांना तेच देतात. याच पाण्यात खोबऱ्याचं दूध, खसखस, काजू घातले की पांढरा रस्सा होतो, आणि कांदा-लसूण मसाला घातला की तांबडा. एकाच पातेल्यातून निघालेले हे दोघे भाऊ. पांढऱ्याबद्दल कुणी पाटी लावत नाही, कारण तो 'झणझणीत'मध्ये बसत नाही.

एवढं सगळं शहाणपण मी सांगतेय खरी. पण मी स्वतः हे लिहायला कशी शिकले ते सांगितलं नाही तर ती लबाडी होईल.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. मला पेपरात लिहायची फार हौस होती. दोन लेख 'साभार परत' आले होते. तिसरा गुळावर लिहिला. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस दिसतो, आणि हिवाळ्यात मधूनच गोड, किंचित जळका वास येतो. तिथं गुऱ्हाळ असतं. मी एका गुऱ्हाळाशी गाडी थांबवली, वीस मिनिटं उभी राहिले, ताजा गूळ खाल्ला, फोटो काढला आणि घरी येऊन लेख लिहून टाकला. लेखाच्या शेवटी वजन यावं म्हणून एक परिच्छेद जोडला, की हल्ली गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात पावडर घालतात, ग्राहकांनो सावध राहा. ते मी कुठंतरी वाचलं होतं. तसं काही ठिकाणी घडतंही. बाजारात पिवळा गूळ चांगल्या भावानं जातो म्हणून हायड्रॉस नावाची पावडर वापरणारे आहेत, आणि ती जास्त झाली तर प्रकृतीला वाईट. पण त्या गुऱ्हाळात मी कुणाला काही विचारलंच नव्हतं. आणि फोटो मात्र त्यांचाच होता!

लेख एका पुरवणीत छापून आला. मी अंक घेऊन मिरवले. शाळेत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आली ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आणि प्रश्न विचारला तर खाली बघायची. मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं, "बाई, त्या फोटोतले गुळव्या म्हणजे हिचे पप्पा हैत. लोक विचारायला लागलेत, तू बी पावडर घालतोस व्हय म्हणून."

मुलांनो, त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मी गुऱ्हाळावर गेले. गुळव्या मामा काहिलीशी उभे होते. त्यांनी मला बघितलं, पण हातातलं काम सोडलं नाही. आधण उतरेपर्यंत मी तशीच उभी राहिले. मग ते तोंड पुसत आले आणि म्हणाले, "बाई, तुमी आला हुता तवा इचारला असता तर सांगितलं असतं की. गूळ माझ्या हातचा, आन् तुमी लिवलं बाजारातलं."

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

मी पुरवणीच्या संपादकांना पत्र लिहिलं, की त्या गुऱ्हाळाबद्दल मी चौकशी न करता लिहिलं होतं, चूक माझी आहे. त्यांनी दोन ओळींची दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली. लेख अर्ध्या पानाचा होता आणि दुरुस्ती दोन ओळींची! छापलेल्या चुकीचं हे असं असतं. मग मी तो अंक घेऊन त्या गावातल्या किराणा दुकानांत गेले आणि ती दोन ओळींची दुरुस्ती स्वतः वाचून दाखवली. त्याचा किती उपयोग झाला, देव जाणे.

पुढच्या हंगामात मी सगळा वर्गच गुऱ्हाळावर नेला. या वेळी आधी परवानगी घेतली आणि दिवसभर थांबलो. आता मी तुम्हाला तिथं नेते. काहिलीपासून मात्र चार हात लांब राहायचं, तो रस भाजला तर चामडी सोलून निघते.

पहिल्यांदा ऊस चरकात जातो. एका बाजूनं रस, दुसऱ्या बाजूनं चिपाड. चिपाड उन्हात वाळवतात आणि तेच चुलवाणात जाळतात, म्हणजे ऊस स्वतःच्याच सरपणावर शिजतो. एका टनाला साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. काहील म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी आडवी होतील एवढं रुंद, उथळ भांडं. रस तापला की त्यात रानभेंडीचं खोड ठेचून केलेलं बुळबुळीत पाणी घालतात. त्या बुळबुळीत पाण्याला रसातली घाण चिकटते आणि काळपट फेस होऊन वर येते, ती मळी. ती झाऱ्यानं काढत राहायचं. थोडी चुन्याची निवळीही घालतात, त्यानं रसाचा आंबटपणा मोडतो आणि गूळ नीट बांधला जातो. उतू जायला लागलं की चमचाभर तेल शिंपडायचं, की फेस गुमान खाली बसतो.

आणि मग शेवटची दहा मिनिटं. त्या वेळी गुऱ्हाळात कुणी बोलत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की काकवी १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास काढतात आणि गूळ ११८ च्या आसपास उतरवतात. गुळव्या मामांकडं थर्मामीटर नाही. ते उकळत्या पाकातलं थोडंसं थंड पाण्याच्या भांड्यात टाकतात, बोटांनी गोळी वळून बघतात, पुन्हा टाकतात. एक क्षण लवकर उतरवलं तर गूळ चिकट राहतो, उशीर झाला तर करपतो आणि अख्खं आधण वाया. ते "हां" म्हणाले की चार माणसं धावतात, काहील उचलून वाफ्यात ओततात, आणि मग पाक घोटून घोटून साच्यात भरतात. थंड झाला की रवा तयार. तुमच्या घरी जी 'ढेप' म्हणतात, तिला आमच्याकडं रवा म्हणतात. (शिऱ्याच्या रव्याशी गल्लत करू नका, आमच्या वर्गात एकानं केली होती!)

एक मुलगा मामांना म्हणाला, "मामा, पावडर घालता का?" माझ्या छातीत धस्स झालं. मामा हसले. त्यांनी त्याला भेंडीचं भांडं दाखवलं, चुना दाखवला, तेलाची बाटली दाखवली आणि म्हणाले, "एवढंच. म्हणून आमचा गूळ पिवळा न्हाई, तांबूस हाय. भाव थोडा कमी मिळतोय." विचारायला एवढा सोपा प्रश्न होता तो!

हा गूळ पुढं कोल्हापूरच्या बाजार समितीत सौद्याला जातो. दिवाळीच्या पाडव्याला तिथं सौद्यांचा मुहूर्त होतो. गुळाच्या व्यापारासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही पेठ वसवली, आणि २०१४ साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. लेखात हेही यायला हवं, पण त्या दहा मिनिटांच्या आधी नको.

आता लिहिण्याकडं वळू. आमच्या भागातल्याच एका मोठ्या लेखिकेची ओळख करून देते. कोल्हापूरहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत बसलात की सांगलीनंतर किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. त्याच्याजवळ कुंडल गाव आहे. तिथं १९१३ साली कमलाबाई ओगले जन्मल्या. शाळा फक्त चौथीपर्यंत, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांएवढीच! पुढं १९७० साली त्यांचं 'रुचिरा' हे पुस्तक आलं आणि लाखाच्या वर प्रती खपल्या. तुमच्या घरीही असेल, पानांना हळदीचे डाग पडलेलं. त्या आधी मराठीत पाककृतींची पुस्तकं नव्हती असं नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाकक्रियांचं 'गृहिणीमित्र' १९१० सालचं आहे. मग कमलाबाईंनी वेगळं काय केलं? त्यांनी मापं वाटी आणि चमच्यात दिली. शेर, छटाक किंवा 'अंदाजाने' नाही. नवीन लग्न झालेल्या, आईपासून लांब राहणाऱ्या मुलीच्या हाताशी तराजू नसतो, वाटी असते. वाचणारा कुठं उभा आहे हे त्यांनी आधी बघितलं.

आम्ही याची परीक्षा घेतली. खासबाग मैदान माहीत आहे ना, शाहू महाराजांनी कुस्त्यांसाठी बांधलेलं? त्या भागात भेळ खूप छान मिळते. (अरे, 'छान' पण बंद करायला हवा.) ती खाऊन आल्यावर प्रत्येकानं भेळेची कृती लिहिली. दुसऱ्या दिवशी वह्यांची अदलाबदल केली आणि अट घातली, की वहीत लिहिलंय तेवढंच करायचं. एका गटानं पातेल्यात चुरमुरे घातले, फरसाण घातलं आणि वर दोन अख्खे कांदे ठेवले. कारण वहीत 'दोन कांदे घालावेत' एवढंच होतं! दुसऱ्या वहीत चिंचेचं पाणी सगळ्यात आधी होतं, त्यामुळं भेळेचा लगदा झाला. लिहिणारी म्हणाली, "बाई, हे तर कुणाला पण कळतंय की." नाही कळत. जे आपल्याला फार चांगलं येतं, तेच लिहायचं राहून जातं.

आणखी एक पुस्तक मोठे झालात की जरूर वाचा. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ सालचं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यात आहे. पाककृतींच्या पुस्तकांत ही स्वयंपाकघरं क्वचितच दिसायची. तुमच्याही घरी असा एखादा पदार्थ असेल, जो कुठल्या पुस्तकात नाही आणि जो डब्यात आणायला तुम्ही लाजता. माझ्या मते तोच आधी लिहावा.

गुऱ्हाळावर सगळ्यांनी लिहिलं. पण त्या मुलीनं, जी शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती, तिनं चार पानं लिहिली. (तिचं नाव इथं का नाही? मी तिला विचारलं, ती 'नको' म्हणाली, म्हणून. बाकीचं सगळं तिनं आणि तिच्या पप्पांनी वाचून 'चालेल' म्हटलंय.) तिच्या लेखात गुळाची चव एकदाही नव्हती. होतं ते असं, की पप्पा घरी आल्यावर त्यांच्या सदऱ्याला कसला वास येतो, हंगाम संपल्यावर तो वास कधी जातो, आणि गोळी बघताना ते श्वास कसा रोखतात. आम्ही तो लेख एका बालसाप्ताहिकाला पाठवायचा ठरवलं. कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडं समास सोडून, सुवाच्य अक्षरात. खाली नाव, इयत्ता, शाळा आणि पत्ता. एक प्रत स्वतःजवळ ठेवली. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं, म्हणजे नापसंत झाला तर परत येईल. हल्ली ई-मेलनंही पाठवता येतं, पण एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही, हा नियम तिथंही आहे.

दोन महिन्यांनी पाकीट परत आलं. 'साभार परत.' खाली संपादकांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'लांबी निम्मी करून पुन्हा पाठवा. सदऱ्याचा भाग कापू नका.' ती रडली नाही, मीच जरा हिरमुसले. तिनं शाहूपुरी कापली, मानांकन कापलं, माझं नाव आलेलं वाक्यही कापलं. पुन्हा पाठवला आणि छापून आला. एक बदल मात्र त्यांनी केला होता. आमच्या भागात मुलीसुद्धा बोलताना 'मी गेलो, मी बघितलो' म्हणतात. तिनं तसंच लिहिलं होतं, आणि छापताना त्याचं 'गेले, बघितले' झालं. पुस्तकी मराठीत ते बरोबर, मीही वर्गात तेच शिकवते. तरी वाचताना ती वाक्यं मला जरा परकी वाटली.

अंक घेऊन आम्ही दोघी गुऱ्हाळावर गेलो. आधण नुकतं उतरलं होतं. मामांनी हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि एकेका ओळीवर बोट ठेवत सगळा लेख वाचला. दोनदा थांबले. वाचून झाल्यावर अंक नीट घडी घालून तिच्या हातात दिला.

"सगळं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर काकवी कुटं गेली? काकवीचं काईच लिवलं न्हाईस की गं."

ती लगेच वही काढून त्यांच्याशेजारी बसली.